फुटाला अर्धा इंच

शिवणीच्या लाकडाची पट्टी मोदकपात्रातून बाहेर येते ती वाफेसकट. आबा ती ओल्या फडक्यात धरतात, एक टोक मधल्या फर्म्याला चिमट्याने अडकवतात आणि दुसरे टोक अंगठ्याने दाबत दाबत नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, नेऊ लागतात. पट्टी जेमतेम दीड मिलिमीटर जाडीची. नाळेजवळ तिला आत वळायचे आहे आणि त्याच वेळी पीळही खायचा आहे. मध्येच आबांचा अंगठा थांबतो. लाकूड करकरल्याचा आवाज मला आलेला नाही, त्यांना आला आहे. पट्टी सोडवून ते ती पुन्हा वाफेवर धरतात.

“धग दी, मगे वाकव. सुक्या लाकडाक जोर लावलंस तर ता मोडतला,” ते नातीला सांगतात.

नात नववीत आहे. आज पावसाने शाळेला सुट्टी दिली म्हणून ती सकाळपासून इथेच, पडवीतल्या लांब बाकावर बसली आहे. पुढच्या पट्टीवर तिने पेन्सिलीने आकडा घातला आहे: डावी, सहा. डाव्या अंगाची सहावी फळी बसली की उजव्या अंगाची सहावी बसायची. एकाच बाजूच्या चार-पाच फळ्या सलग लावल्या तर सांगाडा त्या बाजूला ओढला जातो आणि पठाणच, म्हणजे जहाजाचा कणाच, वाकडा होतो. हे तिला कोणी शिकवलेले नाही. मागच्या आठवड्यात झालेले तिने डोळ्यांनी पाहिले आहे.

बाहेर आषाढ कोसळतो आहे. देवगड बंदराच्या वरच्या अंगाचे हे घर. सर ओसरली की खाली बंदराचे पाणी आणि पलीकडे किल्ल्याकडचा उंचवटा दिसतो, पुन्हा सर आली की सगळे पुसून जाते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी. लहान होड्या वर ओढून झापांखाली आणि निळ्या ताडपत्रीखाली झाकलेल्या. आबांनी उमेदीची सगळी वर्षे होड्या बांधल्या आणि त्याहून अधिक होड्या दुरुस्त केल्या. पावसाळा हा त्यांच्या धंद्यात एरवीही हातावर हात ठेवून बसायचा काळ. घर त्यांचे नव्हे. ते आहे मुंबईत बँकेची नोकरी संपवून गावी परतलेल्या भाऊंचे. भाऊंना लाकडी जहाजांची मॉडेल करण्याचा नाद आहे. भिंतीवरच्या कपाटात नेल्सनची ‘व्हिक्टरी’ उभी आहे, शेजारी चहाची जलद वाहतूक करणारी ‘कटी सार्क’. दोन्ही परदेशी किटांमधून केलेली: यंत्राने कापलेल्या प्लायवुडच्या आडव्या चौकटी, मोजून दिलेल्या पट्ट्या, पितळी तोफा आणि पानोपानी चित्रे असलेली पुस्तिका. काम अतिशय सुबक आहे. शिडांच्या दोऱ्या पाहायला मी भिंग मागून घेतो, इतकी.

बाकावर मात्र तिसरेच जहाज आहे. याचे किट जगात कुठेच मिळत नाही. दोन डोलांची, म्हणजे दोन डोलकाठ्यांची, मराठी गुराब, फुटाला अर्धा इंच या मापाने.

गुराब म्हणजे आंग्र्यांच्या आणि पुढे पेशव्यांच्या आरमारातले तोफांचे मुख्य जहाज. तिच्या जोडीला वल्ह्यांवर आणि शिडांवर चालणारी चपळ गलबते. देवगडहून गाडीरस्त्याने तासाभराच्या अंतरावर, याच तालुक्यात, विजयदुर्ग आहे आणि ही जहाजे तिथल्या पाण्यात वावरलेली आहेत. फेब्रुवारी 1756 मध्ये समुद्राकडून वॉटसनचे इंग्रजी आरमार आले, उतरलेल्या सैन्यावर क्लाइव्ह होता, आणि जमिनीच्या बाजूने खुद्द पेशव्यांची फौज. तुळाजी आंग्र्यांची जहाजे किल्ल्याच्या आसऱ्याला एकमेकांना जखडून उभी होती. एकाला आग लागली आणि सगळे आरमार जळाले. त्या जहाजांचा एकही बांधणीचा आराखडा आपल्याकडे नाही. तो जळाला असे म्हणायलाही जागा नाही, कारण आपल्या सुतारांनी कागदावर जहाज काढलेच नव्हते. पठाणाची लांबी ठरली की बाकीची मापे हाताला माहीत असत. आबांच्या घरीही कागद नाही. खुणा केलेल्या चार बांबूच्या काठ्या आहेत आणि गाठी मारलेली एक दोरी.

याउलट, मुंबईच्या गोदीत 1817 साली वाडियांनी बांधलेली सागवानी युद्धनौका ‘ट्रिंकोमाली’ आज इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे, कोणीही जाऊन तिच्यावर पाय ठेवू शकतो. ग्रीनिचच्या संग्रहालयात 17व्या शतकापासूनच्या इंग्रजी युद्धनौकांच्या लाकडी प्रतिकृती आहेत, त्यांवरून एकेका वाकाचे, म्हणजे आतल्या बरगडीचे, माप निघते. विजयदुर्गाच्या गुराबीसाठी भाऊंच्या हाताशी आहे ते एवढेच: रॉबर्ट ऑर्मचा 1763 साली छापलेला इतिहास आणि डॉमिनिक सेर्सने 1771 मध्ये रंगवलेले विजयदुर्गाच्या पाडावाचे चित्र. चित्र घटनेनंतर 15 वर्षांनी इंग्लंडात काढलेले. त्यात धूर आणि इंग्रजी जहाजे भरपूर आहेत, पण गुराबीचे पोट कसे होते ते दिसत नाही.

ऑर्मचे वर्णन त्यामानाने सोन्यासारखे आहे. भाऊ चष्मा लावून ते मराठीत सांगत जातात आणि आबा मान न वर करता ऐकतात. गुराबीला बहुधा दोन डोल, क्वचित तीन. तीन डोलांची 300 टनांपर्यंत, दोन डोलांची 150च्या वर नाही. पाण्यात फार कमी बुडणारी आणि लांबीच्या मानाने चांगली रुंद. मधून पुढे निमुळती होत गेलेली, आणि पुढे इतर जहाजांसारखा उंच मोहरा असण्याऐवजी लांब, सखल नाक बाहेर आलेले. हे नाक आणि मुख्य तक्तपोशी एकाच पातळीत, मध्ये फक्त एक आडवी फळ्यांची भिंत. त्या भिंतीला भोके पाडून 9 किंवा 12 पौंडी गोळ्याच्या दोन तोफा नाकावरून सरळ पुढे डागायच्या.

या नाकावरून गेले दोन दिवस दोघांत वाद चालू आहे. भाऊंनी पुठ्ठ्याचे जे नाक करून ठेवले आहे त्याच्या दोन्ही कडांना बोटभर उंचीचा कठडा आहे. त्यांचे म्हणणे सरळ आहे, समोरून लाट आली तर उघड्या नाकावर पाणी भरेल.

“लाट चढतली हेच्यार,” ते आबांच्या बोलीत आबांनाच सांगून पाहतात.

“चढांदे. चढली तर उतारतली पण. कठडो नाय, तर पाणी ऱ्हवतला खय?”

भाऊ पुस्तकात पुन्हा बोट घालतात. ऑर्मने हेच लिहिलेले आहे: या बांधणीमुळे समोरच्या लाटेत ही जहाजे नाक खूप खाली-वर मारतात, आणि नाक कडांनी बंद केलेले नाही म्हणून वर आलेले पाणी दोन्ही अंगांनी निघून जाते. हे वाक्य भाऊंनी आधीही वाचले होते. पण आबांनी पुठ्ठ्याच्या नाकावर तळवा ठेवून पाणी कुठून कुठे जाईल ते दाखवल्यावर आज त्यांना ते दिसले. कठडा ते स्वतःच काढून टाकतात.

मला या बाकाशी बसून जे सर्वांत मोलाचे वाटते आहे ते हेच. ऑर्म जहाजबांधणी करणारा नव्हता, त्याने जहाज बाहेरून वर्णिले. आबांनी ऑर्म वाचलेला नाही, पण लाटेवर होडी कशी वागते ते त्यांना ठाऊक आहे. दोघांची गाठ कुठल्याही ग्रंथालयात पडली नसती, ती तीन फुटांच्या लाकडावर पडते आहे.

सहावी फळी बसते. आता तिला खिळे. लोखंडी टाचणी इथे चालत नाही, समुद्राकाठच्या हवेत ती गंजून फळीवर काळा डाग उमटवते. आबा बांबूच्या चोया काढतात. बांबूच्या पाठीकडचा चिवट भाग घेऊन त्याची काडी उभी चिरायची, मग ती पोलादी पट्टीतल्या भोकातून ओढायची, मग त्याहून बारीक भोकातून, मग त्याहून. प्रत्येक ओढीला काडीच्या अंगावरून केसासारखा कीस निघतो. शेवटच्या भोकातून बाहेर आलेला खिळा एक मिलिमीटरचाही नाही. सामत्याला, म्हणजे दोरीने फिरवायच्या गिरमिटाला, जागा पुरत नाही म्हणून भाऊंचे घड्याळजीचे बारीक ड्रिल घेऊन फळीत भोक पाडायचे, खिळ्याचे टोक फेविकॉलमध्ये टेकवून आत सारायचे, वर उरलेला भाग पटाशीने सपाट. नात हे काम आजोबांपेक्षा झपाट्याने करते. तिची बोटे बारीक आहेत आणि नजर शाबूत आहे. आबा प्रत्येक खिळ्यावरून अंगठा फिरवतात, एका ठिकाणी थांबतात आणि काही न बोलता तो खिळा तिला पुन्हा दाखवतात. ती काढून नवा घालते.

बांधण्याची रीतही कपाटातल्या जहाजांहून वेगळी आहे. किटमध्ये आधी आतला सांगाडा उभा राहतो आणि त्यावर फळ्या चढतात. आबा आधी पठाण, नाळ आणि मागचा खांब उभा करतात, तात्पुरते तीन फर्मे ठेवून त्यांच्या आधाराने खालच्या फळ्या चढवतात आणि आतली पोकळी तयार झाली की तिच्यात बसतील असे वाक कोरून घालतात. फळ्यांनी आकार द्यायचा, वाकांनी तो धरून ठेवायचा. आपल्या किनाऱ्यावर काथ्याने शिवलेल्या होड्या याच क्रमाने होत आल्या. गुराब नेमकी कशी बांधत याचा पुरावा नाही, हे भाऊ मला दोनदा बजावून सांगतात आणि वहीतही तसे लिहून ठेवतात: लांबी 72 फूट आणि रुंदी 24 फूट, आबांच्या अंदाजाने. बांधणीचा क्रम, आबांच्या सवयीने. नाकाचा आकार आणि तोफांच्या जागा, ऑर्मवरून. जे ठाऊक नाही ते कशाच्या आधाराने भरून काढले, याची अशी नोंद ठेवणारा हौशी माणूस मला मोठा वाटतो. नोंद नसेल तर पुढच्या पिढीच्या हाती नुसती शोभेची वस्तू पडते.

दुपारी पाऊस थोडा उघडतो. मागच्या अंगणात पागोळ्यांच्या पाण्याने काठोकाठ भरलेला सिमेंटचा हौद आहे. जहाज अजून अर्धे आहे, पण फळ्या पाण्याच्या रेषेच्या वर गेल्या आहेत, फटींत मेण भरले आहे आणि नाकही तात्पुरते अडकवले आहे. आज ते पाण्यात सोडून पाहायचे ठरते.

नात आधी वहीत हिशेब मांडते. फुटाला अर्धा इंच म्हणजे 24व्या हिश्श्याचे माप. लांबी 24 पटीने घटली, रुंदी 24 पटीने, उंचीही. म्हणून वजन 24 गुणिले 24 गुणिले 24, म्हणजे 13,824 पटीने घटायला हवे. दीडशे टनांचे जहाज या हिशेबाने 11 किलोच्या आसपास येते. जुन्या पुस्तकांतला टन हा माल नेण्याच्या ताकदीचा असतो, जहाजाच्या एकूण वजनाचा नव्हे, तेव्हा हाही अंदाजच, असे भाऊ म्हणतात. सांगाडा काट्यावर ठेवतात: चार किलोला थोडा कमी.

“आजो, सात किलो वाळू होयी.”

वाळूच्या पुरचुंड्या बांधल्या जातात. निरम, म्हणजे जहाज स्थिर ठेवणारे बुडातले वजन, नेहमी पठाणालगत, मधोमध. आबा तीन पुरचुंड्या ठेवतात, जहाज डावीकडे कलते, एक पुरचुंडी बोटभर सरकवतात, सरळ होते. सगळी वाळू गेल्यावर नात पट्टी घेऊन वाकते. पाण्याखाली तीन इंच. म्हणजे खऱ्या जहाजाचे सहा फूट. एवढ्या उथळ पाण्यात चालणारी दोन डोलांची तोफांची नौका खाडीच्या तोंडातून आत शिरली की मागे लागलेले खोल बुडाचे विलायती जहाज बाहेरच अडकणार. आंग्र्यांच्या लढाईच्या रीतीबद्दल मी बरेच वाचले होते. ती रीत या तीन इंचांत होती, हे हौदाच्या काठावर उकिडवे बसल्यावर समजते.

मग भाऊ पाटाने पाणी ढकलतात. पहिली लाट लहान, नाक उचलले जाते. दुसरी मोठी. नाक खाली जाते, पाणी त्याच्यावर चढते, आडव्या भिंतीपर्यंत येऊन आपटते आणि दोन्ही कडांवरून सरळ खाली ओघळते. जहाज वर येते तेव्हा नाक रिकामे आहे. भाऊ पुन्हा पाट हाणतात, पुन्हा तेच. हौदातली लाट समुद्राची नव्हे, हे सगळ्यांना कळते. तरीही आबा उभे राहतात, धोतराला हात पुसतात आणि नातीला म्हणतात, “बगलंस?” आणि ती एवढ्या जोरात हसते की आतून घरातली माणसे बाहेर येतात.

हौदात जहाज सोडून पाहणे हा पोरखेळ नाही, हे मी देवगडच्या बाहेरच्या एका कामावरून सांगू शकतो. अजिंठ्याच्या भित्तिचित्रात पाचव्या शतकातले एक शिडाचे जहाज आहे. त्याचाही आराखडा कुठे नव्हता. भारतीय नौदलासाठी गोव्याच्या होडी इनोव्हेशन्स या यार्डात केरळच्या बाबू शंकरन यांच्या हाताखालच्या कारागिरांनी ते फळ्या काथ्याने शिवून उभे केले. त्याआधी त्याची प्रतिकृती आयआयटी मद्रासमध्ये पाण्यात तपासली गेली. मे 2025 मध्ये कारवारला ते ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ म्हणून नौदलात दाखल झाले आणि डिसेंबर 2025 अखेर पोरबंदरहून मस्कतला निघाले. एक चित्र, एक प्रतिकृती आणि हाताला शिवणे येणारी माणसे एवढ्या भांडवलावर अरबी समुद्र ओलांडला गेला. यातली माणसे नसती तर चित्र भिंतीवरच राहिले असते.

मराठा गुराबीच्या बाबतीत आपल्याकडे जागाही आहे. विजयदुर्गाच्या जवळ गिर्ये गावच्या हद्दीत, वाघोटन खाडीच्या काठाला, खडक कोरून आणि बांध घालून केलेली आंग्र्यांची गोदी अजून ओळखता येते. साडेतीनशे फुटांच्या आसपास लांबीची. भरतीला जहाज आत घ्यायचे, ओहोटीला पाणी उतरले की ते कोरडे पडून दुरुस्तीला मोकळे. विजयदुर्ग आंग्र्यांकडून गेल्यावर पेशव्यांचे आरमार धुळपांनी तिथूनच सांभाळले आणि एप्रिल 1783 मध्ये आनंदराव धुळपांच्या ताफ्याने ईस्ट इंडिया कंपनीचे ‘रेंजर’ जहाज रत्नागिरीच्या समुद्रात पकडले. आबांच्या नातीच्या शाळेची सहल गिर्याला जात नाही. ती जायला हवी. आणि तिथल्या पाण्यात एक तीन फुटी गुराब मुलांच्या हातून सोडली जायला हवी, म्हणजे त्या खडकाळ खळग्यात काय चालत होते ते शब्दाशिवाय कळेल.

संध्याकाळी जहाज पुन्हा बाकावर येते, वाळू काढून, उलटे करून, थेंब निथळायला. भाऊ वहीत तीन इंचांची नोंद करतात. उद्या वाकांचे काम. डोल करायला उंडीचे सरळ लाकूड आबांनी घरी जपून ठेवले आहे. शीड मांजरपाटाचे. शिडाची दोरी, दामण, कुठे बांधायची यावर वाद होणार हे दोघांनाही आतापासून माहीत आहे.

खाली बंदरात झाकलेल्या होड्यांत आता फायबरच्याच जास्त. त्या हलक्या, त्यांना दरवर्षी फटी भरायचे काम नाही आणि मच्छीमाराला त्या परवडतात, त्यात त्याची काही चूक नाही. पण लाकडी होड्या, उलांडी लावलेल्या, रांपणीच्या, किनाऱ्यावर उलट्या पडून कुजताहेत किंवा सरपणाच्या भावाने फुटताहेत, आणि त्या बांधणारे हात सत्तरी-ऐंशीत आहेत. गुराबीचा शोध आपण ऑर्म आणि सेर्सवरून घेतो आहोत, कारण त्या वेळी कोणी माप घेतले नाही. या होड्यांच्या बाबतीत तसे म्हणायची पाळी येऊ नये.

म्हणून देवगड-मालवण-वेंगुर्ल्याच्या वाचकांना विनंती आहे. तुमच्या वाडीत एखादी जुनी लाकडी होडी असेल तर पठाणाची लांबी, मधली रुंदी, खोली, फळ्यांची संख्या आणि वाकांमधले अंतर लिहून घ्या. बांधणारा हयात असेल तर त्याला शेजारी बसवून घ्या. लाकूड कुठले, कुठल्या भागाला कुठले, ते विचारा. मग फुटाला अर्धा इंच धरून तिची प्रतिकृती करा. 40 फुटी होडी 20 इंचांत बसते, तेवढी जागा कुठल्याही शाळेच्या कपाटात निघते. मापे घ्यायला टेप, वही आणि दोन दुपारी पुरतात. होडी फोडायच्या आधी ती घ्या.